पाच डॉलरचं दार

गोव्यातल्या फोंड्यात आमच्या पोरांच्या मराठी बँडने तिकीट लावून पहिला कार्यक्रम केला, तेव्हा दारावर मी बसलो होतो. साउंड माझा, आणि साउंड एकदा लावून झाला की कार्यक्रम सुरू होईपर्यंत हात रिकामे असलेला माणूस एकच, म्हणून गल्लाही माझ्याकडे. तिकीट तीनशे रुपये. वेळ साडेसातची. सव्वासाताला ओळखीचे एक काका आले, पाटी वाचली, आत डोकावले आणि म्हणाले, "पयशे घेतात रे? देवळांत फुकट आसता न्हय?" ते चिडले नव्हते. त्यांना खरोखरच उलगडा होत नव्हता. मग ते समोरच्या गाड्यावर रस-आमलेट खायला गेले आणि खिडकीतून आवाज येत होता तोवर तिथेच उभे राहून ऐकत राहिले.

आत एकेचाळीस माणसं होती, त्यातली नऊ घरचीच. हॉलचं भाडं, जनरेटर, पोस्टर, ड्रम आणायला टेम्पो. रात्री पार्किंगमध्ये हिशेब केला. चौघांना मिळून खिशातून किती घालावे लागले ते इथे लिहीत नाही, कारण प्रत्येकाने घरी वेगवेगळा आकडा सांगितलाय.

मग भांडण. गिटारवाला म्हणाला, पुढच्या वेळी किनाऱ्याकडे, बार्देशात जाऊ, हजार रुपये तिकीट लावू, पर्यटक देतात. बेसवाला म्हणाला, तिकीटच नको, गावच्या उत्सवात वाजवू, वर्गणीतून मिळेल ते घेऊ. ड्रमवाल्याचं म्हणणं, टी-शर्ट विकू. गाणारी पोर गप्प होती. किनाऱ्यावरच्या एका बारवाल्याने दर शनिवारचं बोलावणं दिलं होतं. अट एकच, मराठी नको, लोकांच्या ओळखीची इंग्रजी गाणी वाजवा. एक सीझन करून बघू, असं तिच्या मनात होतं आणि ते तोंडातून काढायची तिला लाज वाटत होती.

मी म्हटलं, बाबांनो, हा पेच काही तुम्हालाच पहिल्यांदा पडलेला नाही. अमेरिकेतल्या एका बँडने पंधरा वर्षं, हजाराहून जास्त कार्यक्रमांत, तो आपल्या पद्धतीने सोडवला. त्यांचा हिशेब मांडून आणतो, मग भांडा.

दुकान आधी, बिऱ्हाड नंतर

बँडचं नाव फुगाझी. गाव वॉशिंग्टन डीसी. पहिला कार्यक्रम ३ सप्टेंबर १९८७. त्याच साली ३० मे रोजी गोवा राज्य झालं. मी तेव्हा तिसरीत होतो आणि आमच्या ओसरीवर मराठी-कोकणीवरून मोठी माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती, म्हणून ते साल माझ्या पक्कं लक्षात आहे.

चौघेजण. इयन मकाय गिटार आणि गाणं, जो लॅली बेस, ब्रेंडन कँटी ड्रम, गी पिचोटो दुसरा गायक. पहिल्या कार्यक्रमाला पिचोटो बँडमध्ये नव्हताच. तो नंतर आला, आला तेव्हा नुसता गायचा आणि रंगमंचावर अंगात आल्यासारखा नाचायचा. रेकॉर्डवर त्याची गिटार ऐकू येते ती १९९० सालच्या 'रिपीटर'पासून.

फुगाझी पंकवाले, म्हणजे रॉकमधल्या खरखरीत, बंडखोर शाखेतले. पंक म्हटलं की आपल्याकडे केसांचा तुरा आणि सेफ्टी पिना डोळ्यांसमोर येतात. या लोकांकडे त्यातलं काही नव्हतं. साध्या शर्टातली, केस बारीक कापलेली मंडळी, शाळेत गणित शिकवत असतील अशी. पंकमधून त्यांनी घेतली ती एक गोष्ट: परवानगी मागायची नाही. वाजवता येण्याची वाट बघत बसायचं नाही, कंपनीने बोलावण्याची तर नाहीच.

पण प्रकरण १९८७ ला सुरू होत नाही, आणि इथेच बरेच लोक चुकतात. मकाय शाळकरी वयात टीन आयडल्स नावाच्या बँडमध्ये होता. कार्यक्रमांचे जे काही थोडेथोडे डॉलर मिळत, ते वाटून न घेता पोरं सिगारच्या डब्यात टाकत. १९८० मध्ये बँड मोडला तेव्हा त्या डब्यात सहाशेच्या आसपास डॉलर होते. वाटून घेतले असते तर एकेकाला चांगले बूट आले असते. त्यांनी त्यातून आठ गाण्यांची छोटी रेकॉर्ड काढली, एक हजार प्रती. एक इंग्लिश रेकॉर्डचं पाकीट उकलून, त्याचा आराखडा काढून, तशी पाकिटं घरी कात्रीने कापली, दुमडली, डिंकाने चिकटवली. मकाय आणि त्याचा ड्रमवाला मित्र जेफ नेल्सन यांनी यासाठी जे नाव लावलं ते डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स. मोडलेल्या बँडची आठवण म्हणून काढलेली ही कंपनी आजही चालू आहे.

डिस्कॉर्डचे नियम थोडे आणि विचित्र. रेकॉर्ड काढायची ती आपल्याच शहरातल्या बँडची. लेखी करार नाही. खर्च वजा जाता उरेल ते बँड आणि कंपनी यांच्यात निम्मं-निम्मं. लंडनच्या सदर्न या कंपनीने पुढे छपाई आणि युरोपातलं वितरण सांभाळलं. ध्वनिमुद्रण बहुतेक इनर इअरमध्ये, डॉन झिएंटाराच्या स्टुडिओत. तो सुरू झाला तेव्हा त्याच्या राहत्या घराच्या तळघरात होता.

दरम्यान मकायचा पुढचा बँड मायनर थ्रेट आला, १९८३ मध्ये संपलाही. पिचोटो आणि कँटीचा राइट्स ऑफ स्प्रिंगही आला आणि मोडला. म्हणजे फुगाझी उभा राहिला तेव्हा दुकान सात वर्षं जुनं होतं, गिऱ्हाइकांचे पत्ते वहीत होते, कुठल्या गावात कोण कार्यक्रम लावतो हे ठाऊक होतं. त्यांनी दुकानाच्या माडीवर बिऱ्हाड केलं. आमच्या पोरांनी माडी आधी बांधायला घेतली होती.

दारावरचं गणित

फुगाझीचं तिकीट पाच डॉलर. पुढच्या वर्षांत कुठेकुठे सहा-सात झालं असेल, पण ओळख पाचाचीच. सीडी टपालखर्चासकट आठ ते दहा डॉलर, आणि ती किंमत पाकिटाच्या पाठीवर छापलेली, म्हणजे दुकानदाराने जास्त लावली तर गिऱ्हाईक हातात धरून विचारील. कार्यक्रमाला कुठल्याही वयाच्या माणसाला प्रवेश.

ही गोष्ट नेहमी संतचरित्रासारखी सांगितली जाते. बघा, किती निर्लोभी! मी साउंडवाला आहे, मला ती तशी दिसत नाही. बहुतेक बँड आधी खर्च करतात, मग खर्चाला भागवणारं तिकीट लावतात. यांनी तिकीट आधी ठरवलं आणि ज्या खर्चाला त्या तिकिटात जागा नाही, तो खर्च करायचा नाही असं धरलं. एवढा एक खांब रोवला की बाकीचं घर कसं बांधायचं हे जवळजवळ आपोआप ठरत जातं.

हजार माणसांचा हॉल धरा. हा माझा हिशेब, त्यांच्या वहीतला नाही. पाच हजार डॉलर जमले. व्यवस्थापक ठेवला तर तो आपला वाटा उचलणार, कार्यक्रम लावणारा एजंट आपला. म्हणून व्यवस्थापक नाही, एजंट नाही. कार्यक्रम मकाय स्वतः फोन करून ठरवायचा. वकील लागतो तो करारांसाठी. करारच नाहीत, तर वकील कशाला? गाडी स्वतः चालवायची. सामान उचलायला फौज नाही. सुरुवातीची वर्षं हॉटेल नाही, त्या-त्या गावातल्या कुणाच्या तरी घरी जमिनीवर झोपायचं. प्रकाशयोजना जेमतेम. पांढरे-पिवळे दिवे, तेवढेच. एक चांगला साउंडवाला मात्र बरोबर. हे मी मुद्दाम लिहितोय असं पोरं म्हणतील, पण ते खरं आहे, आणि पुढे त्याचं महत्त्व कळेल.

यात अडचण यायची ती बिअरची. अमेरिकेत दारूसाठी वयाची अट एकवीस. रॉक क्लबचं खरं उत्पन्न तिकिटाचं नसतंच, बारचं असतं. सोळा वर्षांचं पोर आत आलं की ते कोपऱ्यातली जागा अडवतं आणि पाणी पितं. त्यामुळे क्लबवाले सगळ्या वयांना घ्यायला नाखूश. फुगाझीने मग क्लबचा नाद सोडून चर्चचे हॉल, शाळा-कॉलेजांच्या व्यायामशाळा, समाजमंदिरं असल्या जागा शोधल्या. आपल्याकडच्या बारवाल्यालाही नेमकं हेच हवं असतं. गाणारी पोर ज्या शनिवारच्या बोलावण्याचा विचार करत होती, तिथे ती बँड म्हणून जाणार नव्हती, बिअरबरोबरचे शेंगदाणे म्हणून जाणार होती. तोंडावर सांगितलं तेव्हा तिला राग आला. येऊ दे.

स्वतःच्या शहरात, डीसीत, त्यांचे कार्यक्रम एक तर फुकट उद्यानात, नाही तर कुणाच्या तरी मदतीसाठी. पॉझिटिव्ह फोर्स नावाचा कार्यकर्त्यांचा गट ते लावायचा. १२ जानेवारी १९९१ रोजी, आखाती युद्ध तोंडावर असताना, व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट पार्कात थंडीत त्यांनी वाजवलं. त्याची चित्रफीत आहे. गिटारच्या तारांवर बोटं कशी फिरली असतील देव जाणे. मी डिसेंबरात चोर्ला घाटात हार्मोनियमवाल्याची बोटं आखडलेली पाहिली आहेत.

टी-शर्ट? विकले नाहीत. तेव्हा कुणीतरी 'हा फुगाझीचा टी-शर्ट नव्हे' असं छापून विकायला काढले आणि ते धडाधड खपले. ड्रमवाला या वाक्यावर थांबला आणि म्हणाला, बघा, म्हणजे खपतात!

बंद पाकीट

संगीताबद्दल थोडं बोलतो, नाही तर हे सगळं किराणा दुकानाच्या खतावणीसारखं होईल.

त्यांच्या पहिल्या रेकॉर्डचं पहिलंच गाणं बेसवर सुरू होतं. ड्रम येतात, गिटार येते, जरा रंग भरतोय असं वाटतं आणि अर्ध्या मिनिटाच्या आत सगळे एकदम थांबतात. पूर्ण शांतता. मग तेच पुन्हा, अंगावर. पखवाजावर तिहाई घेऊन समेवर येताना श्रोत्यांचा जो श्वास मधल्या मध्ये अडकतो, तसाच तो क्षण. आमचा ड्रमवाला भजनी मंडळात वाढलेला, घुमट आणि ताशा लहानपणापासून हातात. त्याला पंक समजावून सांगावं लागलं नाही, त्या एका थांबण्यावरून त्याने सगळं ओळखलं. लॅलीच्या बेसमध्ये जमैकाच्या रेगेचा ऐसपैसपणा आहे. बेस चाल धरून ठेवतो आणि दोन्ही गिटारी तिच्यावर ओरखडे काढतात. आवाज मोठा असतो पण गच्च नसतो. साउंडवाल्याला अशी माणसं क्वचित भेटतात. बहुतेकांना सगळ्या जागा भरायच्या असतात.

असल्या संगीतावर पुढच्या रांगांतली पोरं एकमेकांच्या अंगावर आदळायची, डोक्यांवरून पोहायची. अमेरिकेतल्या पंक कार्यक्रमात ते मान्यच होतं. यात मार खायची ती लहान चणीची माणसं, आणि मुली मागे मागे सरकत भिंतीला लागायच्या. फुगाझी गाणं मध्येच थांबवायचे. मकाय माइकवरून त्या माणसाशी बोलायचा, पुष्कळदा 'सर' म्हणून. तरी नाही ऐकलं तर त्याच्या हातात त्याचे पाच डॉलर परत देऊन त्याला बाहेर पाठवायचे. ते पैसे पाकिटात घालून तयार ठेवलेले असायचे.

या पाकिटात मला सगळ्या प्रकरणाची किल्ली दिसते. पाच डॉलर परत देता येतात. तीस डॉलरचं तिकीट असतं तर दहा जणांना परत देताना बँडचा हात आखडला असता आणि गुंडगिरी करणाऱ्यालाही वाटलं असतं की तीस मोजलेत, मी काहीही करीन. दार हातात असलं की आत काय चालेल हेही हातात राहतं. अर्थात काहींना हा मास्तरपणा वाटला. मलाही काही चित्रफिती बघताना तो वाटतो. कार्यक्रमाला आलेल्या माणसाला शिस्त लावणं आणि त्याची काळजी घेणं यांतली रेघ दर वेळी जागेवर होतीच असं नाही.

१९९३

१९९१ च्या सप्टेंबरात निर्वाणा या बँडची 'नेव्हरमाइंड' ही रेकॉर्ड आली आणि मोठ्या कंपन्यांना एकाएकी कळलं की या गल्लीतल्या संगीतात पैसा आहे. मग खरेदीची झुंबड. गोव्यात रस्ता चौपदरी होणार म्हटल्यावर शेतांच्या बांधावर दलाल दिसायला लागतात ना, तसं.

१९९३ मध्ये न्यू यॉर्कच्या रोझलँड बॉलरूममध्ये फुगाझीने वाजवलं, तिकीट अर्थातच पाच डॉलर. कार्यक्रमानंतर ॲटलांटिक रेकॉर्ड्स या बड्या कंपनीचा संस्थापक आहमेट एर्टेगुन स्वतः त्यांना भेटायला आला, असं सांगितलं जातं. रे चार्ल्सपासून लेड झेपलिनपर्यंत ज्याने मोठे केले तो माणूस. काय हवं ते मागा, असा त्याच्या बोलण्याचा आशय. किती रकमेची गोष्ट होती याबद्दल भलभलते आकडे फिरतात, त्यात मी पडत नाही. बँडने नकार दिला. त्याच वर्षीचा त्यांचा अल्बम 'इन ऑन द किल टेकर', जाहिरात-बिहिरात न करता, बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत पहिल्या दोनशेंत पोचला.

याला मी तत्त्वनिष्ठा म्हणायला तयार आहे, पण आधी हिशेब. त्याच वर्षी स्टीव्ह अल्बिनी या ध्वनिमुद्रकाने एक लेख लिहिला. फुगाझीने वरच्या अल्बमसाठी आधी याच्याकडेच मुद्रण करून बघितलं होतं, ते जमलं नाही. लेखात त्याने एका काल्पनिक बँडचा ताळेबंद मांडला. मोठ्या कंपनीशी करार, अडीच लाख प्रती विकल्या, वरकरणी सगळं झकास. आगाऊ रकमेतून स्टुडिओ, निर्माता, वकील, व्यवस्थापक, बस, व्हिडिओ वजा करत करत शेवटी बँडमधल्या प्रत्येकाच्या हाती वर्षाचे चार हजार एकतीस डॉलर. वर बँड कंपनीचा देणेकरी. आगाऊ रक्कम हे कर्ज असतं. मीठ-भात खाणाऱ्या कुळाला हे काही नवीन सांगायला नको. फुगाझीला एका डिस्कमागे मिळणारा वाटा मोठ्या कंपनीतल्या बँडच्या रॉयल्टीपेक्षा कितीतरी जास्त होता आणि मालकी स्वतःची. विकत घेणाऱ्याकडे त्यांना देण्यासारखं उरलं होतं ते फक्त मोठेपण.

याच दिवसांत डिस्कॉर्डवरच्याच दोन बँडनी उलटी वाट धरली. जॉबॉक्स ॲटलांटिककडे गेला, शडर टू थिंक एपिक या दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे. दोघांचेही त्या कंपन्यांसाठीचे पहिले अल्बम १९९४ चे, आणि दोन्ही अल्बम उत्तम आहेत. जॉबॉक्सचा तर मला त्या वर्षीच्या कुठल्याही रेकॉर्डइतका आवडतो. मोठ्या स्टुडिओचा पैसा आवाजात ऐकू येतो, खोटं कशाला बोला. पण १९९७ मध्ये जॉबॉक्स मोडला, १९९८ मध्ये शडर टू थिंक. जॉबॉक्सचा तो अल्बम २००९ मध्ये पुन्हा निघाला तो त्यांच्या स्वतःच्या डिसोटो या छोट्या कंपनीकडून, डिस्कॉर्डच्या साथीने. मुलगी मुंबईला देऊन पंधरा वर्षांनी माहेरी परत, असं माझी आई म्हणाली असती. त्यांनी चूक केली असं मी म्हणत नाही. त्यांना मोठ्या खोलीत एकदा वाजवून बघायचं होतं, त्यांनी ते बघितलं. आमच्या गिटारवाल्याला बार्देशात हजाराचं तिकीट लावावंसं वाटतं त्यामागेही हीच हौस आहे, आणि हौशीला मोल असतं.

थांबणं

पुढची वर्षं भरभर सांगतो. १९९५ ला 'रेड मेडिसिन', १९९८ ला 'एंड हिट्स', १९९९ ला जेम कोहेनने दहा वर्षं जमवलेल्या चित्रणातून केलेला 'इन्स्ट्रुमेंट' हा माहितीपट. तो जरूर बघा, बँडपेक्षा हॉलच्या बाहेर ताटकळत उभ्या असलेल्या पोरापोरींच्या चेहऱ्यांसाठी. मग २००१ ला 'द आर्ग्युमेंट'. माझ्या मते तोच त्यांचा सर्वांत चांगला. चौथ्या-पाचव्या अल्बमला दम लागतो तिथे यांचा दम वाढत गेला.

नोव्हेंबर २००२ मध्ये लंडनला ते शेवटचं वाजले. त्यानंतर बँड मोडला असं त्यांनी कधी जाहीर केलं नाही, थांबलो आहोत एवढंच म्हणाले. कारण साधं. मुलंबाळं झाली होती, घरची माणसं होती, महिनोन् महिने गाडीत राहणं जमेना. थांबता आलं, कारण कुणाचं देणं नव्हतं. आणखी दोन अल्बम बाकी आहेत म्हणून दार ठोठावणारा कुणी नव्हता.

आणि आता तो साउंडवाला. कार्यक्रमांचा आवाज तो आणि त्याच्यामागून आलेले लोक वर्षानुवर्षं टेपवर घेत राहिले. आधी कॅसेट, मग डॅट म्हणजे डिजिटल टेप, मग सीडी. थांबल्यावर हाताशी आठशेहून जास्त कार्यक्रम मुद्रित स्वरूपात निघाले. डिसेंबर २०११ पासून डिस्कॉर्डने ते इंटरनेटवर ठेवायला सुरुवात केली. सुचवलेली किंमत तेव्हा पाच डॉलर होती. एक ते शंभर, ज्याला वाटेल ते त्याने द्यावं. पहिल्या कार्यक्रमापासूनचं आहे. बेसूर झालेलं, तार तुटलेली, माइक गेलेला, मारामारी थांबवताना झालेली बाचाबाची, सगळं. वाजवणं थांबवल्यावर नऊ वर्षांनी त्यांनी पुन्हा दार उघडलं आणि भाव तोच ठेवला. आमच्याकडे गावोगावच्या जत्रांतून गेल्या पन्नास वर्षांत कसली कसली नाटकं, पदं झाली. टेप कुणाकडे आहेत?

मकायने नंतर ॲमी फॅरिनाबरोबर द इव्हन्स हा दोघांचाच बँड केला. स्वतःचे स्पीकर गाडीत घालून न्यायचे, बसून वाजवायचं, पुस्तकांच्या दुकानात नाही तर वाचनालयात. या गोष्टीवर मी पोरांना दोनदा बोट ठेवून दाखवलं.

आपल्याकडे

उचलून आणता येणार नाही असं बरंच आहे. पहिलं म्हणजे अंतर. पेडण्याहून काणकोण, गोवा संपला. एका महिन्यात चार कार्यक्रम केले तर तेच साठ चेहरे चारदा येतील आणि चौथ्यांदा येणार नाहीत. फुगाझीला पन्नास राज्यं होती. आम्हाला मराठी ऐकणारी गावं हवीत तर सीमा ओलांडायला हवी: सावंतवाडी, कुडाळ, चोर्ल्यावरून बेळगाव, पुढे कोल्हापूर. टेम्पोने जाऊन रात्री परत येता येईल असा हा पट्टा आहे आणि तिकडे कुणी बिअरबरोबर ऐकायला येणार नाही. गोव्यात राहून मराठीत का गाता, हा प्रश्नही तिकडे कुणी विचारणार नाही. इथे दोन्ही बाजूंनी विचारतात.

दुसरं, काकांचा प्रश्न. तियात्राला, म्हणजे कोकणी नाटकाला, तिकीट काढायची सवय आहे, मराठी नाटकाला गावात ती नाही. उत्सवाचं नाटक देवाचं असतं. वर्गणी दिलेली असते, नट घरचे असतात, स्त्री-पात्र आणि दिग्दर्शक तेवढे पैसे देऊन आणलेले. काका फुकटे नाहीत. त्यांनी आयुष्यभर पैसे दिलेत, पण वर्षातून एकदा, सगळ्यांबरोबर, आणि दारावर नव्हे. बेसवाल्याचं म्हणणं म्हणून मला सर्वांत आपलं वाटलं होतं. त्यात खोट एवढीच की वर्गणी दिलेल्या समितीला पहिल्या गाण्यानंतर "आवाज कमी करा" म्हणायचा हक्क येतो. आणि ध्वनिक्षेपकाची रात्री दहाची मर्यादा आलीच.

गोव्याला हे धंद्याचं गणित परकं मात्र नाही. १९८४ मध्ये गायक रेमो फर्नांडिसने शिवोलीच्या घरात चार ट्रॅकच्या यंत्रावर, सगळी वाद्यं स्वतःच वाजवून, 'गोअन क्रेझी' केला आणि कॅसेट स्कूटरवर घालून दुकानोदुकानी पोचवल्या. कंपन्या नंतर त्याच्या दारी आल्या. डीसीतली पोरं पाकिटं चिकटवत होती त्याला तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती, आणि या दोघांना एकमेकांचं नावही ठाऊक असायचं कारण नव्हतं. पोरांना फुगाझी इंटरनेटवर सापडला. रेमोच्या स्कूटरची गोष्ट त्यांना माझ्याकडून ऐकावी लागली.

हे सगळं मी त्यांच्यासमोर वाचलं तेव्हा तास गेला. मग तिकिटापासून सुरुवात केली. बेसवाला पन्नासवर अडला, गिटारवाला दोनशेवर. शंभर ठरलं. शंभरात भाड्याचा हॉल बसत नाही, म्हणून एका वाचनालयाची वरची खोली. ऐंशी खुर्च्या मावतात. जनरेटर बसत नाही, म्हणून नाही. वीज गेली तर पखवाज आणि घुमट. माझे स्पीकर, माझी गाडी. संध्याकाळी सहाला सुरू, म्हणजे मुलं आणि म्हातारी माणसं दोन्ही येतील. प्रत्येक कार्यक्रम टेप होणार. बारवाल्याला पोरीने स्वतःच फोन केला आणि नाही म्हणाली; मला तिने ते दोन दिवसांनी सांगितलं.

गिटारवाला अजून पूर्ण पटलेला नाही. फुगाझीला परवडलं कारण हजार माणसं येत होती, ऐंशीवर शंभर म्हणजे आठ हजार, त्यात चौघांचं पेट्रोल सुटेल, असं तो म्हणतो. हिशेब त्याचा बरोबर आहे. वेर्ण्याच्या कारखान्यातली त्याची पाळी सुटत नाही तोवर बँड त्या पाळीवरच चालणार आहे. मकायही त्या पहिल्या दिवसांत आइस्क्रीमच्या दुकानात नोकरी करत होता.

ड्रमवाल्याने मात्र टी-शर्टचा एक नमुना छापून आणलाय. काळा आहे. मागे लिहिलंय, 'देवळांत फुकट आसता'. काकांना एक द्यावा लागेल.